घंटा ऐकू येते तिथवर

मिस्टर रॉजर,

हे मराठीत लिहितेय म्हणून रागावू नका. आमचा निखिल खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "आई, ही कान्ट रीड मराठी!" म्हटलं, अरे बाबा, आता ते इंग्रजी तरी कुठे वाचणार आहेत! गेलेल्या माणसाला कुठली भाषा कळते हे अजून कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. मला रडू मराठीतच येतं, त्याला माझा इलाज नाही.

पण पहिल्याच ओळीला अडखळले. तुम्हाला तू म्हणावं की तुम्ही? इंग्रजीत बरं असतं, एक 'यू' टाकलं की साहेबालाही पुरतं आणि मांजरालाही. तुम्ही एकदा विचारलंही होतंत. मी सांगितलं, मोठ्या माणसाला तुम्ही. देवाला, आईला आणि घरच्या माणसाला तू. "मग मी कोण?" असं तुम्ही विचारलंत आणि मी तडकाफडकी म्हणाले, "तुम्ही तुम्हीच." त्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत नुसतं 'हं' केलंत. तेव्हा आता तुम्हीच चालू ठेवते.

आपली ओळख व्हायला कारण तुमचा गुडघा. शारजात आपण एकाच गल्लीत राहणारे, हमरिया फ्री झोनमधल्या एकाच यार्डात काम करणारे, आणि तरी वर्षानुवर्षं 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलो नव्हतो. तुम्ही वेल्डिंग तपासणार, मी त्याचे कागद सांभाळणार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमचं ड्रायव्हिंग बंद झालं आणि एचआरवाल्यांनी तुम्हाला माझ्या गळ्यात बांधलं. खरं सांगते, डोक्यात तिडीक गेली होती. सकाळचा तेवढाच वेळ माझा एकटीचा. अभंग लावावेत, सासूबाईंना मनातल्या मनात चोख उत्तरं द्यावीत. त्यात हा लांबडा इंग्रज गुडघे डॅशबोर्डला टेकवून शेजारी बसणार!

सकाळी सगळा शारजा दुबईकडे तोंड करून अडकलेला असतो. आपण उलट दिशेचे, म्हणजे आपल्याला रस्ता मोकळा मिळायला हवा. पण आपल्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागता लागताच अर्धं आयुष्य जायचं. पहिल्या दिवशी तिथेच अडकलो होतो. गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, तुम्ही इंग्लंडात कुठले? तुम्ही 'माय पॅरिश' असं काहीतरी सुरू केलंत आणि मला ऐकू आलं 'पेरिश'. मला वाटलं गाव नष्टच झालं, बुडालं का जळालं देव जाणे. मी चेहरा पाडून म्हटलं, "सॉरी फॉर युअर लॉस."

तुम्ही आधी माझ्याकडे टक लावून पाहिलंत आणि मग जे हसायला लागलात! सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला, मागून हॉर्नचा नुसता कल्ला, मी चिडून लालबुंद, आणि तुमचं हसू काही थांबेना. "पॅरिश, सुनंदा, पॅरिश! चर्च आणि त्याच्या भोवतीचं गाव!" मग डोळे पुसत म्हणालात, "पण तुमचीही तशी चूक नाही." ते मला पुढे कळलं.

त्या दिवसापासून मला त्या गावाचा जो नाद लागला, तो लागलाच. नाव लिहितात 'थॉर्न्सवर्थी' आणि म्हणतात 'थॉर्न्झरी', ही काय पद्धत झाली का, यावरून आपलं पहिलं भांडण. जेमतेम चाळीस उंबऱ्यांचं गाव, पण त्याच्या भानगडी शंभर गावांना पुरतील अशा. चर्चचा मनोरा ठेंगणा का, तर लोकरीचा धंदा बसला आणि वर बांधायला कुणी हात सैल सोडेना. गावकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, अगदी कोंबडीचं दहावं अंडंसुद्धा. एका पाद्रीबुवांशी लोकांचं वाजलं तेव्हा गावातल्या बायकांनी दहावी अंडी म्हणून निवडून निवडून नासकी नेऊन दिली. मी म्हटलं, आमच्याकडे याला बलुतं म्हणतात आणि गुरवाला घुगऱ्या देतानाही लोक असंच करायचे. "म्हणजे आपण भाऊबंदच!" असं तुम्ही म्हणालात. भाऊबंद म्हणजे काय ते मी नंतर समजावलं, तेव्हा शब्द मागे घेतलात.

मला सगळ्यांत आवडायची ती वाजंत्र्यांची गोष्ट. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गावातलेच चारजण वाजवायचे. सुतार फिडल वाजवी, खाटीक कसलीशी लांब पिपाणी. नवे पाद्रीबुवा आले आणि त्यांनी हार्मोनियम आणून बसवली, वाजंत्र्यांची सुट्टी करून टाकली. तर हे चौघे पुढच्या रविवारी चर्चच्या भिंतीबाहेर थडग्यांवर बसले आणि आत प्रार्थना सुरू झाल्याबरोबर बाहेरून वाजवायला लागले, तेही भलत्याच सुरात! ते सांगताना तुम्ही ती पिपाणी तोंडाने वाजवून दाखवायचात. अजमानच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतलं आख्खं कुटुंब तुमच्याकडे बघायला लागलं होतं.

शेतांच्या कडेने दरवर्षी सगळं गाव हद्द चालायचं आणि हद्दीच्या प्रत्येक दगडावर पोरांना उचलून आपटायचं, म्हणजे जन्मभर हद्द विसरणार नाहीत, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्याकडे शीव लक्षात ठेवायला भांडणं पुरतात, असं मी सांगितलं.

तुमच्या नावाचा यार्डातला घोळ मात्र थॉर्न्झरीलाही लाजवील असा. वॉकीटॉकीवर 'ऐकू आलं' म्हणायचं तर 'रॉजर' म्हणतात. क्रेनवरचा टेकबहादूर दिवसातून किती वेळा 'रॉजर, रॉजर' म्हणायचा आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी तुम्ही मान वर करून "येस?" करायचात! शेवटी तुम्ही त्याला सांगितलंत की बाबा रे, तू मला हाक मारतोस असं वाटतं. त्यावर तो बिचारा घाबरून 'मिस्टर रॉजर, मिस्टर रॉजर' म्हणायला लागला. मोठे साहेब रेडिओवर ऑर्डर देताहेत आणि हा उत्तर देतोय 'मिस्टर रॉजर सर'. आमचे फोरमन इक्बालभाई हसून हसून खाली बसले होते.

मग एकदा तुम्ही विचारलंत, पॅरिशला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं, गाव. तुम्ही म्हणालात, छे, गाव म्हणजे नुसती घरं. मी म्हटलं, मग ग्रामपंचायत. तुम्ही अशी मान हलवलीत की मलाच लाज वाटली. दोन दिवस तो शब्द माझ्या डोक्यात किडा होऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सुचलं: पंचक्रोशी! आमच्या भैरोबाची पंचक्रोशी. देऊळ मध्ये आणि त्याला आपला म्हणणारा सगळा मुलूख भोवती. तुम्हाला तो शब्द इतका आवडला की गाडीत शिरताना 'गुड मॉर्निंग' सोडून 'पॅन्चक्रोशी' म्हणायला लागलात. ऐकणाऱ्याला वाटावं, क्रोशाच्या विणकामाचा क्लास चाललाय.

पण पंचक्रोशीची हद्द कुठवर, यावर आपलं कधी जमलं नाही. तुमचं म्हणणं ठाम होतं. कागदावरची हद्द कारकुनांसाठी. खरी पॅरिश म्हणजे चर्चची घंटा ऐकू येते तिथवर. ज्याला ऐकू येते तो पॅरिशचा, मग तो देव माने न माने. तुमच्या घंटेला नावसुद्धा होतं, मार्जरी. कुणीतरी लग्नाच्या उत्साहात बेदम बडवली म्हणून तिला चीर गेलेली आणि आवाज थोडा घोगरा. पण वारा बरोबर असला तर नदीपलीकडल्या लोकांनाही कळायचं की थॉर्न्झरीत काहीतरी झालं.

मी म्हणायची, आमच्याकडे आवाजाचं काय घेऊन बसलात, भोंगे लावले की चार गावं उठतात. आमच्याकडे जत्रेची वर्गणी ज्याच्याकडे मागतात तो पंचक्रोशीतला. तो शारजात असो नाहीतर शिकागोत. मला दर चैत्रात फोन येतोच, "ताई, यंदा किती लिहू?"

असं वाटतं की आपण हे भांडण नुसतं तोंडी लावायला ठेवलं होतं. पण माझे अण्णा गेले तेव्हा त्यातलं गांभीर्य मला कळलं. पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला. मला जाता आलं नाही. बापाची शेवटची यात्रा मी मोबाईलवर पाहिली, तीही अडकत अडकत. घरी बसवेना म्हणून दुसऱ्या दिवशी कामाला निघाले. तुम्ही गाडीत बसलात, सॉरीबिरी काही बोलला नाहीत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर विचारलंत, वडिलांचं वय काय होतं? मी सांगितलं. मग तुम्ही बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर टकटक करायला लागलात. तीन, थांबून तीन, पुन्हा तीन. मग एकेक, सावकाश.

मी चिडले. म्हटलं, हे काय चालवलंय? तुम्ही न थांबता म्हणालात, "पुरुषासाठी तीनदा तीन. बाईसाठी तीनदा दोन. मग जितकं वय तितके टोले. शेतातली माणसं हातातलं काम थांबवून मोजतात आणि त्यांना कळतं कोण गेलं." अजमान मागे पडलं तरी तुमचं बोट चालूच होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून जी रडले, ती अण्णा गेल्यानंतरची पहिली वेळ. घरात सगळे मला 'सांभाळ' म्हणत होते. एक तुम्हीच नुसते मोजत राहिलात. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत हो. मराठीत असे आभार मानायची रीत नाही आणि इंग्रजीतलं 'थँक यू' फारच किरकोळ वाटलं.

तेव्हाच मला कळलं की तुमचे वडील चर्चची देखरेख करायचे, थडगी खणायचे, घंटा वाजवायचे. ते गेले तेव्हा तुम्ही मार्जरी वाजवलीत. आणि मार्जरीची ती शेवटचीच वेळ. पुढे रविवारी चार म्हाताऱ्या यायच्या, त्याही कमी झाल्या. छपराचं शिसं चोरांनी नेलं, पाऊस आत यायला लागला. वरच्यांनी चर्च बंद करून विकून टाकलं. आता तिथे कुणाचं तरी सुट्टीतलं घर आहे आणि वेदी होती तिथे म्हणे ओव्हन. घंटा उतरवली, ती कुठे गेली ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. 'तुमचीही तशी चूक नाही,' हे त्या पहिल्या दिवशी तुम्ही का म्हणालात ते मला त्या दिवशी उमगलं. मी मनात म्हटलं, मेले ते लोक, देव काय विकायची वस्तू आहे?

आपल्या शेवटच्या दिवशी परतीच्या वाटेवर आपण पुन्हा त्याच भांडणावर आलो होतो. तुम्ही म्हणालात, "तुमच्या हिशेबाने बघितलं तरी मी संपलोच, सुनंदा. मला वर्गणी मागायला कुणी येत नाही. आणि माझ्या हिशेबाने बघितलं तर घंटाच नाही. म्हणजे मी कुठल्याच पंचक्रोशीतला नाही." तुम्ही हे हसत म्हणालात, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. तोंडाशी काहीतरी आलं होतं, तेवढ्यात तुमची बिल्डिंग आली. मागे गाड्या तुंबलेल्या. तुम्ही दार उघडून काठी टेकलीत आणि म्हणालात, "यल्ला, मंडे!" म्हणजे चला, सोमवारी भेटू.

सोमवारी मी खाली गाडी लावली. तुम्हाला हॉर्न आवडत नाही म्हणून वाट बघत बसले. मग एकदा वाजवला. मग रागाने लांबलचक वाजवला. मनात म्हणत होते, आज हे म्हातारबुवा बोलणी खाणार. तर आतून नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, धावत आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. रविवारी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, तो म्हणाला. त्या सकाळी मला शेजारची सीट रिकामी ठेवून हमरियापर्यंत जायचं होतं आणि मी गेले. अभंग लावले. लगेच बंद केले.

तुमची मुलगी क्लेअर आली, शांतपणे सगळे सोपस्कार केले आणि तुम्हाला घेऊन गेली. चांगली आहे हो, तुमच्यासारखीच लांबडी. निघताना मी तिला विचारलं, तिकडे घंटा वाजेल का? ती गोंधळून म्हणाली, "कुठली घंटा?" तिला मार्जरी माहीतच नव्हती. विधी शहरातल्या दाहगृहात, पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी, तिथे घंटा नसते, असं तिने मला हळुवारपणे समजावलं. मी मान हलवली. पण मनात आलं, माझ्या अण्णांना तुम्ही टोले दिलेत, ज्या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला दिलेत, आणि तुम्ही असे न वाजता जाणार? मला ते सहनच होईना.

तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार. बुधवारी जेवणानंतर मी इक्बालभाईंकडे गेले. ते श्रीवर्धनकडचे, माझ्याशी मराठीतच बोलतात. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील बाईला वेड लागलं. ते म्हणाले, "ताई, यात काय नवीन? आमच्या मोहल्ल्यात मयत झाली की मशिदीतून पुकारतात, अमक्याचा मुलगा तमका गेला, नमाज इतक्या वाजता. नाव पुकारल्याशिवाय माणसाला कसा पाठवायचा?" आणि हातोडा उचलून गेटपाशी गेले. तिथे रुळाचा तो तुकडा टांगलेला आहे ना, पूर्वी चहाच्या सुट्टीला वाजवायचे तो.

त्यांनी वाजवलं. तीन, थांबून तीन, पुन्हा तीन. आवाज घोगराच होता, तुमच्या मार्जरीला शोभेल असा. मग वयाचे टोले सुरू झाले. मी डोळे मिटून उभी होते. थोड्या वेळाने जाणवलं की ग्राइंडर बंद झालेत. मग वेल्डिंगची चरचर थांबली. डोळे उघडते तर काय, सगळ्या शेडमधून माणसं बाहेर येताहेत! पठाण, बंगाली, मल्याळी, फिलिपिनो, हातातलं टाकून, रांगेने, भराभर. आणि सगळी त्या हिरव्या पाटीखाली, असेंब्ली पॉइंटला उभी राहताहेत.

अगं बाई! मग डोक्यात प्रकाश पडला. भोंगा बसवल्यापासून तो रूळ फक्त आगीच्या इशाऱ्यासाठी. लाइट गेली आणि भोंगा बंद पडला तर रूळ वाजेल, वाजला की सगळ्यांनी बाहेर यायचं. ते सर्क्युलर सगळ्यांना पाठवलं कुणी? मीच! इक्बालभाईंनी हातोडा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "थांबू का?" मी म्हटलं, "मधेच थांबायचं नसतं." ते पुढे वाजवत राहिले.

सेफ्टीवाला पोरगा धापा टाकत आला. "मिस सुनंदा, हे कुणी सांगितलं वाजवायला?" मी म्हटलं, "मिस्टर रॉजर." तुम्ही त्याला वेल्डमधली चीर नुसत्या नजरेनं ओळखायला शिकवलं होतंत ना? त्याने हजेरीचा बोर्ड खाली केला आणि जाऊन रांगेत उभा राहिला. मला कुणालाच काही सांगावं लागलं नाही. एक ओळ मागच्या ओळीला सांगत गेली. हेल्मेट काढायची आपल्याकडे बंदी, म्हणून सगळे हेल्मेट घालूनच मान खाली घालून उभे होते. इतकी माणसं तुमच्या थॉर्न्झरीच्या चर्चमध्ये आयुष्यात जमली नसतील.

शेवटचा टोला पडला. यार्डात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. खाली न आलेला एकच माणूस, टेकबहादूर. क्रेनला माल लटकत होता, त्याला हलता येईना. इक्बालभाईंच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. "भाई, नीचे क्या हुआ? ड्रिल है क्या?"

इक्बालभाईंनी बटण दाबलं. "ड्रिल नहीं. आज मिस्टर रॉजर की विदाई है. उन्हीं का घंटा था. ऊपर सुनाई दिया?"

वर बघितलं तर उन्हात केबिनची काच तेवढी चमकत होती. मग आवाज आला, हळू, 'मिस्टर'ही नाही आणि 'सर'ही नाही.

"रॉजर."

ऐकलंस ना?